नेपाळच्या मिशन हॉस्पिटलात निवृत्त जोडप्याचा आठवडा

सलाम.

तुमचं पत्र थोडक्यात असं आहे. तुम्ही परभणीचे, जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झालात. पत्नी ग्रामीण रुग्णालयातून स्टाफ नर्स म्हणून निवृत्त झाल्या. पाळकसाहेबांनी नेपाळच्या डोंगरातल्या एका मिशन हॉस्पिटलात वर्षभर सेवेला जाल का, असं विचारलंय. तिथं आठवडा कसा जातो, या वयात झेपेल का, हे तुम्हाला हवंय. मुलगा म्हणतो, ‘आता कशाला?’

मी जालन्याची, निवृत्त नर्सिंग ट्यूटर. आमचे मिस्टर एसटीच्या चिकलठाणा वर्कशॉपमधून निवृत्त झाले. आम्ही दोघं पश्चिम नेपाळात अशाच एका हॉस्पिटलात राहून आलो आणि तेव्हापासून आपल्या भागातून कुणी जोडपं निघालं की त्यांच्याशी बोलायचं काम मंडळीनं, म्हणजे आमच्या चर्चनं, आमच्याकडे दिलंय. त्यामुळे आमच्याबरोबर इतरांचंही थोडंफार ठाऊक आहे.

तुमच्या पत्रात ‘हिला तर तिथं कामच काम आहे’ असं एक वाक्य आहे. तुम्ही स्वतः तिथं काय करणार, याबद्दल मात्र एक अक्षर नाही. माझ्या मते तुमची खरी अडचण तिथंच आहे. मुदतीआधी परत आलेली जोडपी आम्ही पाहिली आहेत. विचारलं की थंडी सांगतात, गुडघे सांगतात, रोजचा दाळभात सांगतात. जरा बसून बोललं की कळतं, एकाला सकाळपासून काम होतं आणि दुसरा खोलीत बसून घड्याळ बघत होता. बहुतेक वेळा तो दुसरा म्हणजे नवरा, कारण बोलावणं नर्सला किंवा डॉक्टरला आलेलं असतं आणि यजमान सोबत म्हणून गेलेले असतात. चाळीस वर्षं ज्याच्या टेबलावर फाईल आल्याशिवाय बिल पास होत नव्हतं, त्याला ‘अंकल, तुम्ही बसा, चहा घ्या’ हे पंधरा दिवसांत सोसेनासं होतं.

आता बरंचसं कशावर अवलंबून आहे तेही सांगते. तराईतलं, म्हणजे भारताच्या सीमेलगतच्या सपाट पट्ट्यातलं हॉस्पिटल असेल तर उन्हाळा परभणीसारखाच आणि चालणं सपाटीवर. डोंगरात असेल तर खोली ते वॉर्ड पायऱ्याच पायऱ्या. तुमच्या पत्नीचे गुडघे कसे आहेत ते तुम्ही लिहिलेलं नाही. दुसरं म्हणजे आपल्या मंडळ्यांत याची ठरीव पद्धत नाही. लॅटर-डे सेंट्स म्हणजे मॉर्मन लोकांच्या मंडळीत निवृत्त जोडप्यांसाठी सहा, बारा, अठरा किंवा तेवीस महिने अशी मुदत असते, खर्च ज्याचा त्यानं करायचा आणि काम नेमणुकीच्या पत्रातच येतं. आपल्याकडे पाळकसाहेब आणि हॉस्पिटल यांच्यात एखादं पत्र जातं, ‘दोघंही चांगले आहेत’ असं त्यात असतं आणि बाकीचं तिथं गेल्यावर ठरतं. म्हणून घडी आपली आपणच बसवून घ्यावी लागते.

आठवड्याची पहिली गंमत म्हणजे नेपाळात उपासना शनिवारी. पूर्वीपासून साप्ताहिक सुट्टी शनिवारची, म्हणून मंडळ्या त्या दिवशी भरतात. हॉस्पिटलात रविवार हा आपल्या सोमवारासारखा. आदल्या दिवशी ओपीडी बंद, त्यामुळे रविवारी सकाळी फाटकाशी जी गर्दी असते ती सगळ्या आठवड्यात नसते. लोक जीपनं, बसनं, काही अजूनही पाठीवर बसून खाली उतरलेले. लहानपणापासून रविवारी इस्त्रीचे कपडे घालून चर्चला गेलेल्या माणसाला त्या वेळी वॉर्डात ड्रेसिंग ट्रॉली लावायची म्हणजे पहिले काही आठवडे चुकल्यासारखं वाटतं. मग अंगवळणी पडतं. इकडची मंडळी सुटली की दुपारी मुलांचे फोन येतात. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढं, एवढाच फरक.

शनिवारच्या उपासनेबद्दल म्हणाल तर चपला बाहेर, बैठक जमिनीवर, बऱ्याच ठिकाणी पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला. भेटल्यावर ‘जय मसीह’. उपासना लांबते, गाणी जोरात असतात आणि वयस्कांना मागे खुर्ची मिळते. मागायला लाजू नका. भारतातून आलेला पाहुणा दिसला की बायबलमधलं वचन सांगायला उभं करतात. आमचे मिस्टर दरवेळी हात जोडून म्हणायचे, मी मेकॅनिक आहे, पास्टर नाही. तुम्हीही आधीच ठरवून ठेवा. एकदा उभे राहिलात की दर शनिवारी तुमचंच नाव.

रविवार ते शुक्रवार माझा दिवस साधारण एकसारखा जायचा. सकाळी स्टाफची छोटी प्रार्थना, ज्याला यायचं तो येतो. मग वॉर्ड. मला वॉर्डचा चार्ज नव्हता आणि मी तो मागितलाही नाही. निवृत्त माणसानं दुसऱ्याच्या घरात किल्ल्या मागू नयेत. माझं काम नव्या मुलींना शिकवायचं: प्रसूतीच्या बाईचा पार्टोग्राफ, म्हणजे कळा कशा पुढं सरकताहेत त्याचा तक्ता, वेळच्या वेळी भरणं, औषधाच्या डोसचं गणित, हात धुणं, भाजलेल्या जखमेचं ड्रेसिंग. थंडीत भाजलेली मुलं फार येतात, कारण घरात उघडी चूल आणि तिच्याभोवती सगळं घर शेकत बसलेलं. त्याच धुरानं म्हाताऱ्यांना दम्यासारखा खोकला, थंडीत ते बेडही भरलेले. आणि झाडावरून पडलेले. गुरांसाठी पाला तोडायला बायामाणसं उंच झाडांवर चढतात आणि पडतात. मणक्याला मार लागलेले, मनगट मोडलेले. मराठवाड्यात नोकरी काढलेल्या सिस्टरला साप-विंचू, गॅस्ट्रो, ऊन लागणं हे पाठ असतं. हे केस-पेपर तिला नवे. पेशंटचे नातेवाईक, ज्यांना तिथं कुरुवा म्हणतात, जेवण आणणं, कूस बदलणं, लघवीचं भांडं हे सगळं तेच करतात. त्यांना शिकवलं तर निम्मं नर्सिंग होतं, म्हणून रोज दुपारी मी त्यांच्यातच जास्त बसायची.

तुमच्या पत्नींसाठी एक महत्त्वाचं. परदेशी नर्सला तिथं पेशंटला हात लावायचा तर नेपाळ नर्सिंग कौन्सिलची तात्पुरती नोंदणी लागते. त्यासाठी आपल्या महाराष्ट्र कौन्सिलची नोंदणी चालू हवी. निवृत्तीनंतर पुष्कळजणी नूतनीकरण सोडून देतात. ‘गेल्यावर बघू’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. नोंदणी हाती येईपर्यंत फक्त शिकवायचं, इंजेक्शन नाही. सही नाही.

आता तुमचा आठवडा. आमच्या मिस्टरांना तिकडून कुणी बोलावलेलं नव्हतं, पण निघण्याआधीच त्यांनी हॉस्पिटलला पत्रानं विचारलं होतं की दुरुस्ती कोण बघतं आणि त्याच्या हाताखाली माणूस चालेल का. उत्तर आलं, चालेल. तिथला टेक्निशियन आमच्या मुलाच्या वयाचा. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, सक्शन मशीन याचं ज्ञान त्याचं. ट्रॉलीची चाकं, पलंगांचे हँडल, हत्यारं वाफेनं निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हचं गॅस्केट, जनरेटरचं ऑइल, दरवाज्यांच्या बिजागऱ्या हे यांचं. वर्कशॉपमध्ये गाडी आली की आधी लॉगशीट बघायची सवय, म्हणून यांनी प्रत्येक मशीनला एक कार्ड लटकवलं: फिल्टर कधी धुतला, ऑइल कधी बदललं, पुढची तारीख. तो पोरगा आधी हसला, नंतर कार्डं स्वतः भरायला लागला. रविवारी आणि सोमवारी वॉर्डातल्या तक्रारी गोळा करणं, मंगळवारी जनरेटर अर्धा तास चालवून बघणं, गुरुवारी बाजारात जाऊन सामान आणणं, असा यांचा आठवडा मशीनांनीच ठरवून दिला. संध्याकाळी आम्ही भेटायचो तेव्हा दोघांकडे सांगायला वेगवेगळं काही असायचं. मला वाटतं, आमचं तिथलं दिवस काढणं सोपं झालं ते यामुळे.

तुम्ही लेखा विभागातले आहात, म्हणजे औषधांचं स्टोअर हे तुमच्यासाठी तयार काम आहे. तिथं सरकारी व्यवहार विक्रम संवतात चालतो, आपल्या सनापेक्षा छप्पन-सत्तावन्न वर्षं पुढं; नवं वर्ष एप्रिलच्या मध्यात, आर्थिक वर्ष श्रावणाच्या पहिल्या तारखेला म्हणजे जुलैच्या मध्यात सुरू. औषधाच्या खोक्यावर मुदत मात्र इंग्रजी महिन्यात छापलेली. रजिस्टर एका पंचांगात आणि माल दुसऱ्या पंचांगात असला की मुदत संपत आलेला माल मागच्या फळीवर राहतो आणि नवा पुढून उचलला जातो. खोकी महिन्यावार लावणं, दर बुधवारी एक कपाट मोजणं, लवकर संपणारा माल पुढं काढून वॉर्डांना कळवणं, हे काम शांत डोक्याच्या माणसाचं आहे आणि त्याला भाषा कमी लागते. पण लक्षात ठेवा, पैशाच्या व्यवहारावर सही तुमची नको. रोखपालाच्या खुर्चीवर पाहुणा बसला की तिथल्या लोकांना ते टोचतं आणि काही कमीजास्त झालं तर उत्तर देताना भाषा अपुरी पडते. मोजा, लिहा, दाखवा. सही त्यांची.

भाषेचं असं आहे की लिपी आपलीच. पहिल्या दिवशी सगळ्या पाट्या वाचता येतात आणि माणूस फसतो. वाटतं, आलीच की. तोंडानं बोलायला मात्र पहिले दोन-तीन महिने रोज तासभर शिकवणी लावावी. हिंदीवर बाजार होतो, वॉर्ड होत नाही. डोंगरातल्या म्हाताऱ्या बाईला कुठं दुखतंय हे हिंदीत कळत नाही.

आता एक गोष्ट जरा कडकपणे सांगते. नेपाळच्या २०१५ च्या राज्यघटनेच्या कलम २६ मध्ये दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई आहे. २०१७ च्या फौजदारी संहितेत त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे आणि परदेशी माणसाला शिक्षेनंतर देशाबाहेर काढतात. युनायटेड मिशन टू नेपाळ १९५४ मध्ये सुरू झालं, पाल्पा जिल्ह्यातलं तानसेनचं हॉस्पिटल त्याच सुरुवातीच्या दिवसांतलं. आरोग्य आणि शिक्षणाचं काम करा, धर्मप्रसार नको, ही सरकारची भूमिका त्या काळापासूनची. आपल्याकडच्या सभांमध्ये उभं राहून साक्ष द्यायची, एसटीत पत्रकं वाटायची ज्यांना सवय आहे, त्यांनी ही सवय मनमाडलाच ठेवून गाडीत बसावं. पेशंटनं विचारलं, तुम्ही ख्रिस्ती का, तर हो म्हणावं. आजारी माणूस आपल्या हातात असताना त्याच्याशी याहून जास्त बोलणं मला कायद्याशिवायही बरोबर वाटत नाही. पत्रक वाटल्याशिवाय सेवा झाली असं ज्यांना वाटत नाही, त्यांनी नेपाळला जाऊ नये. एका माणसाच्या उत्साहापायी सगळं हॉस्पिटल अडचणीत येतं.

राहण्या-खाण्याचं पटकन उरकते, कारण त्याची धास्ती लोक उगाच घेतात. सकाळी नऊ-दहाला दाळभात, दुपारी खाजा म्हणजे चिवडा, चणे, कधी मोमो, रात्री पुन्हा दाळभात. ज्वारी तिथं सहसा मिळत नाही. पीठ नेऊ नका, कडू होतं. अख्खी ज्वारी पाच-दहा किलो न्या आणि गिरणीवाल्याशी ओळख करून घ्या. काळा मसाला आणि येसर नेलं तर शेजारी मागून नेतील. डोंगरी गावांत नळाला रोज पाणी येत नाही, पण ते मराठवाड्याच्या माणसाला कुणी शिकवायला नको. आम्ही पहिल्याच दिवशी दोन ड्रम आणले तेव्हा शेजारच्या युरोपीय डॉक्टरीणबाई बघत राहिल्या. थंडी मात्र खरी. घरं तापवलेली नसतात. लोकरीचे मोजे आणि गरम पाण्याची पिशवी न्या.

सुट्टीचा दिवस शनिवार म्हणतात, पण तो आपल्याला मिळत नाही. उपासना होते, मग कुणाकडं जेवण, मग कुणीतरी प्रार्थनेला बोलावतं, संध्याकाळी नर्सिंगच्या मुली खोलीवर येतात. वयस्क जोडपं आलं की सगळं आवार त्यांना आई-बाप करून टाकतं. आवडतंही ते. पण पायाला सूज आली की लक्षात येतं. म्हणून आम्ही हॉस्पिटलला सांगून बुधवारची दुपार मोकळी घेतली होती. त्या दुपारी दार लावून झोपायचं किंवा खाली बाजारात जाऊन बसायचं. हे सुरुवातीलाच सांगावं लागतं. सहा महिन्यांनी मागितलं तर लोकांना वाटतं, काहीतरी बिनसलंय. आणि दोघांनी रोज थोडा वेळ एकमेकांपासून लांब काढावा. एका खोलीत दोन निवृत्त माणसं म्हणजे भांड्याला भांडं लागणारच. मिस्टर संध्याकाळी चहाच्या टपरीवर जायचे, मी खोलीत. त्यांचे तिथले दोस्त मला परतताना कळले.

कागद आणि पैसे. भारतीयाला व्हिसा लागत नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं. माझं मत, पासपोर्टच न्या. शंभर भारतीय रुपयांचे एकशे साठ नेपाळी, हा दर १९९३ पासून बांधलेला आहे. दुकानदार ‘आयसी की एनसी’ विचारतो, म्हणजे भाव भारतीय पैशात सांगू की नेपाळी. न विचारता सांगितला तर आपण विचारावं. आपल्या बहुतेक मेडिक्लेम पॉलिसी भारताबाहेरचा खर्च देत नाहीत. बीपी-शुगरची औषधं तीन महिन्यांची बरोबर न्या आणि मोठं काही झालं तर गोरखपूरला की लखनौला, हे मुलाशी आधी बोलून ठेवा. पेन्शनचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात लागतो. दसैंच्या, म्हणजे तिथल्या दसऱ्याच्या सणाला निम्मा स्टाफ गावी जातो, तेव्हा हॉस्पिटलला तुमची खरी गरज असते; ते दिवस तिथं काढायचे आणि तिहार म्हणजे दिवाळी आटोपली की नोव्हेंबरात घरी येऊन बँकेचं काम करायचं, हे आम्हाला सोयीचं पडलं. जायला मनमाडहून गोरखपूरची गाडी धरा, तिथून सुनौली, पुढं बुटवल, मग डोंगर.

मुलाच्या ‘कशाला’चं उत्तर माझ्याकडे नाही, ते तुम्हालाच द्यावं लागेल. आपल्या लोकांना मिशनरी म्हटलं की साहेबच आठवतो, एवढं मात्र त्याला सांगा. आमच्या जालन्याजवळचं बेथेल हे ख्रिस्ती गाव ज्यांनी वसवलं ते रेव्हरंड नारायण शेषाद्री मराठी माणूस होते, १८४३ साली बाप्तिस्मा झालेले. बाकी तो काळजीपोटी बोलतोय, तर त्याला तुमच्या तपासण्यांचे रिपोर्ट दाखवा. भावनेपेक्षा रिपोर्टनं तो लवकर गप्प बसेल, किंवा तुम्हीच बसाल.

पाळकसाहेबांना होकार देण्याआधी हॉस्पिटलकडून लेखी मागवा: रविवार ते शुक्रवार तुम्ही कुठल्या खोलीत, कुणाच्या हाताखाली, काय करणार, आणि तेच तुमच्या पत्नींबद्दल, वेगळ्या कागदावर. खोली किती पायऱ्या वर आहे तेही विचारा. ‘आल्यावर ठरवू’ असं उत्तर तुमच्या कागदावर आलं, तर थांबा आणि पुन्हा लिहा. स्टोअरचं काम मान्य झालं तर मला कळवा. विक्रम संवत आणि इंग्रजी महिन्यांचा तक्ता मिस्टरांनी तिथं करून घेतला होता, त्याची प्रत पाठवते.